जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर गिटार आणि बेस : सोलापुरात काय जमतं, काय नाही

काळीमाती

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत मंडपवाल्यांच्या, लाउडस्पीकरवाल्यांच्या गोदामांत व्हॉल्व्हची (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारी) जुनी ॲम्प्लिफायर मशिनं अजून पडून आहेत. लग्नात, निवडणुकीच्या सभेत, गड्ड्याच्या यात्रेत एकेकाळी हीच मशिनं कर्णे वाजवायची. ट्रान्झिस्टरची हलकी मशिनं आली आणि ही मागे पडली. आता ती किलोवर भंगारात जातात, तांब्यासाठी त्यांचे ट्रान्सफॉर्मर सोलले जातात. आणि त्याच गावात गिटार शिकणारी मुलं परदेशी व्हॉल्व्ह ॲम्पच्या किमती बघून हळहळत बसतात. हे बघवत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मी गिटार वाजवतो, माझा मित्र बेस (खालच्या सुरांची गिटार) वाजवतो (इथे 'खर्जातला' या नावाने लिहितो). आमच्याकडे असंच एक मशीन आहे. कंपनीची पाटी गळून गेलेली, आत ईएल३४ ची जोडी (स्पीकरला ताकद देणारे आउटपुट व्हॉल्व्ह), पुढच्या बाजूला ईसीसी८३ (आलेला बारीक आवाज आधी वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह), आणि उचलताना कंबर धरावी लागेल असा ट्रान्सफॉर्मर. आम्ही दोघंही त्यावर वाजवतो आणि त्यातून माझं एक ठाम मत झालंय. जुनं व्हॉल्व्ह मशीन घेताना व्हॉल्व्ह शेवटी बघा. आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला), मग स्पीकर आणि त्याची पेटी, मग कंडेन्सर. बहुतेक लोक नेमके उलट्या क्रमाने पैसे घालतात.

व्हॉल्व्हमधून गिटार का चांगली लागते, ते थोडक्यात. ट्रान्झिस्टरचं मशीन आवाजाच्या मर्यादेपर्यंत स्वच्छ चालतं आणि मर्यादा आली की लाटेचं टोक कापल्यासारखं छाटतं. व्हॉल्व्हचं मशीन मर्यादेच्या बरंच आधीपासून टोक गोल करत जातं. त्यामुळे हळू छेडलं की स्वच्छ, जोरात छेडलं की खरखरीत, आणि या दोन्हींच्या मधल्या सगळ्या छटा उजव्या हाताच्या जोरावर मिळतात. गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणला की तेच मशीन निवळतं. पायाने एकही पेडल दाबावं लागत नाही. दुसरं असं की जोरात वाजवलं की आतला डीसी पुरवठा क्षणभर खाली बसतो आणि मग सावरतो. त्यामुळे स्वर आधी दबतो आणि मागून फुलतो. ज्या मशीनमध्ये रेक्टिफायरही (एसीचा डीसी करणारा भाग) व्हॉल्व्हचा असतो तिथे हे जास्त जाणवतं. आमच्यात रेक्टिफायर डायोडचा आहे, म्हणून कमी.

गिटार आणि बेस एकाच मशीनवर, ही कल्पना नवी नाही. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि १९५२ मध्ये त्याच्यासाठी बासमन ॲम्प काढला. पुढे त्यात दहा इंची चार स्पीकर आले, आणि बेससाठी काढलेलं ते मशीन गिटारवाल्यांनीच उचललं. लंडनमध्ये मार्शलने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पहिला ॲम्प बांधला, तोही याच बासमनच्या सर्किटवरून. बेसवाल्यांचं मात्र त्यावर भागलं नाही. मागून उघडी पेटी आणि दहा इंची स्पीकर खर्जाला पुरेनात. १९६० मध्ये अँपेगने बंद पेटी आणि पंधरा इंची स्पीकरचा पोर्टाफ्लेक्स काढला, १९६९ मध्ये ३०० वॅटचा एसव्हीटी. गिटारला जे चालतं ते बेसला चालत नाही, हे तिकडच्या बांधणाऱ्यांनाही असंच टप्प्याटप्प्याने कळत गेलं.

आता आपल्याकडच्या पीए (सभेच्या लाउडस्पीकरच्या) मशीनकडे येऊ. ही मशिनं भाषणासाठी बांधलेली असतात, वाद्यासाठी नाही. म्हणून तीन गोष्टी बघाव्या लागतात.

एक, इनपुट. गिटारच्या पिकअपला (तारांची थरथर पकडणाऱ्या कॉइलला) पुढे साधारण १ मेगाओहमचा भार लागतो. माइकच्या इनपुटला त्याहून फार कमी असेल तर आवाजातली सगळी चमक मरते आणि माणूस उगाच ट्रेबल वाढवत बसतो. फेंडरच्या ॲम्पमध्ये व्हॉल्व्हच्या ग्रिडला (जिथे सिग्नल आत जातो त्या टोकाला) ६८ किलोओहम मालिकेत आणि १ मेगाओहम जमिनीला असतो. एक माइक इनपुट तसा करून घ्या, काम दोन रेझिस्टरचं आहे. इनपुटला माइकचा छोटा ट्रान्सफॉर्मर असेल तर तो बाजूला काढून ठेवा, टाकून देऊ नका.

दोन, मधले कंडेन्सर. भाषण स्पष्ट ऐकू यावं आणि कर्ण्याचा पडदा फाटू नये म्हणून खालचे सूर मुद्दाम अडवलेले असतात. आमच्या मशीनमध्ये एका जागी ०.००२ मायक्रोफॅरड आणि पुढे ४७० किलोओहम होता. हिशेब केला तर १७० हर्ट्झच्या खाली सगळं उतरतं. बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झवर वाजते! तिथे ०.०२२ चा, ६३० व्होल्टचा कंडेन्सर घातला आणि खर्जातला पहिल्यांदा खरा ऐकू आला.

तीन, मागची पट्टी. तिच्यावर ४, ८, १६ ओहम आणि शेजारी ७० किंवा १०० व्होल्ट असे स्क्रू असतात. १०० व्होल्टचा स्क्रू कर्ण्यांच्या लांबलचक लाइनसाठी असतो. दाब (व्होल्ट) जास्त ठेवला की करंट कमी लागतो आणि बारीक वायरमध्ये वीज वाया जात नाही. ४० वॅटच्या मशीनला त्या स्क्रूवर २५० ओहमचा भार अपेक्षित आहे. तिथे ८ ओहमची पेटी जोडली तर आवाज मरतुकडा येतो आणि व्हॉल्व्ह विनाकारण भाजतात. ८ ओहमची पेटी ८ ओहमच्याच स्क्रूवर.

बाकीचं प्रतिसादांत बोलू. जाणत्यांनी भर घालावी. 'जुना रेडिओ' काका, तुम्ही तर नक्कीच.

---

बेंजो_अशोक_चौक

धागा फार आवडला. आमच्या बेंजो पार्टीने कितीतरी गणपती या मशिनांवर काढलेत. बेंजोला पिकअप, मशीन व्हॉल्व्हचं, पुढे दोन कर्णे. तो आवाज अजून कानात आहे, आत्ताच्या मशिनांवर बेंजो नुसता टोचतो.

एक शंका. बेंजो कर्ण्यावर खणखणीत लागायचा, पण पुतण्याने त्याच कर्ण्यावर गिटार लावली तर अगदी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. मशीन तेच. असं का?

---

काळीमाती

@बेंजो_अशोक_चौक, दादा, दोष कर्ण्याच्या हद्दीत आहे. कर्णा साधारण ३०० ते ४०० हर्ट्झच्या खाली काही देतच नाही. गिटारच्या सहा मोकळ्या तारा ८२ पासून ३३० हर्ट्झपर्यंत आहेत, म्हणजे मोकळी वाजवलेली एकही तार कर्ण्यावर पूर्ण येत नाही, तिचे वरचे अंश तेवढे येतात. बेंजोची धून वरच्या पट्टीत चालते म्हणून ती कर्ण्याला मानवते. पुतण्याला बारा इंची स्पीकरची पेटी द्या, मशीन तेच ठेवा. आणि बेस तर कर्ण्यावर कधीच लावू देऊ नका, ड्रायव्हरचा पडदा तुटतो.

---

व्हॉल्व्हवेडा_पुणे

लेख उत्तम, पण व्हॉल्व्ह शेवटी बघा हे पटलं नाही. जुना मलार्ड या ब्रिटिश कंपनीचा ईसीसी८३ लावून बघा, आवाजात गोलाई येते. सम हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर), जे कानाला गोड लागतात, ते व्हॉल्व्हमधूनच तर येतात. तपकीर गल्लीत आणि मुंबईला लॅमिंग्टन रोडवर हुडकून मी जुने व्हॉल्व्ह जमवलेत. ट्रान्सफॉर्मरला एवढं महत्त्व कशाला?

---

काळीमाती

@व्हॉल्व्हवेडा_पुणे, जुना चांगला ईसीसी८३ मलाही आवडतो. त्यात फालतू खरखर कमी, घरघर कमी, आणि पेन्सिलीने टिचकी मारली तर स्पीकरमधून टिंग येत नाही. हा फरक खरा आहे.

पण सम हार्मोनिकचं बघा. ईएल३४ ची जोडी पुश-पुल चालते, म्हणजे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. पुश-पुलमध्ये आउटपुटच्या टप्प्यावर तयार होणारे सम हार्मोनिक एकमेकांना छेदून जातात, उरतात ते मुख्यतः विषम. म्हणजे तुम्ही म्हणता ती गोडी पुढच्या ईसीसी८३ मधून येते किंवा एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या छोट्या मशीनमधून. तरीही पुश-पुल मशिनं सुंदर वाजतात, कारण छाटणी मऊ असते, आणि आउटपुटचा रोध जास्त असल्यामुळे स्पीकर स्वतःच्या अंगाने थोडा जास्त हलतो. शेवटी व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर तिघांचा मिळून आवाज असतो. त्यातला बदलायला सगळ्यात सोपा तुकडा व्हॉल्व्ह आहे म्हणून सगळी चर्चा त्याच्यावर होते.

ट्रान्सफॉर्मर का महत्त्वाचा, ते खर्जातला सांगेल. बेसवाल्याला त्याची झळ आधी लागते.

---

खर्जातला

सांगतो की. लई सोपं आहे बे, पण कुणी हिशेब करत नाही.

ट्रान्सफॉर्मरचं लोखंड ठरावीक चुंबकत्व पेलतं, त्यापुढे भरून जातं. सूर जितका खालचा तितका तेवढ्याच दाबाला लोखंडावर भार जास्त. सूर निम्म्यावर आला की लोखंडाला पेलणारा दाब निम्मा होतो, आणि दाब निम्मा म्हणजे वॅट चौथाई. समजा तुमचा ट्रान्सफॉर्मर गिटारच्या खालच्या ई वर, म्हणजे ८२ हर्ट्झला, ४० वॅट स्वच्छ देतोय आणि तिथेच त्याची हद्द आहे. तोच बेसच्या खालच्या ई वर, ४१ हर्ट्झला, फक्त १० वॅट स्वच्छ देईल. पाच तारी बेस घेतलास तर खालचा बी ३१ हर्ट्झला, तिथे आणखी कमी. व्हॉल्व्ह मलार्डचे घाला नाहीतर सोन्याचे घाला, हा आकडा हलत नाही.

म्हणून बेससाठी मशीन बघायला जाल तेव्हा आवाज ऐकायच्या आधी ट्रान्सफॉर्मर हाताने तोला. त्याच वॅटची दोन मशिनं असतील तर जड आउटपुट ट्रान्सफॉर्मरवालं घ्या, भले त्याचे व्हॉल्व्ह मेलेले असोत.

दुसरं, पेटी. मागून उघड्या गिटारच्या पेटीत बेस वाजवू नका. मागची हवा अडत नाही म्हणून पडदा खालच्या सुरांना नको तितका पुढे-मागे पळतो आणि कॉइल घासायला लागते. आवाज तर येतच नाही, कारण मागची लाट पुढच्या लाटेला खाते. बंद पेटी, १८ मिलिमीटरचं प्लाय, आतून आडवा दांडा, सांधे फेविकॉल आणि स्क्रूने पक्के. गिटार मात्र बेसच्या पेटीवर खुशाल वाजवा, फार तर थोडी मंद लागेल.

आणि चाळीस वॅटच्या व्हॉल्व्ह मशीनवर ड्रमसेटशी झुंजायला जाऊ नका. आम्ही चर्चमध्ये आणि छोट्या हॉलमध्ये मशीन स्टेजवर ठेवतो, पुढे माइक लावतो आणि गर्दीसाठी आवाज हॉलच्या पीएतून जातो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात हेच करावं. मशीनचं काम आवाज घडवायचं, लोकांपर्यंत पोचवायचं काम पीएचं.

---

माग_आणि_मुखडा

आमचे पूर्व भागात यंत्रमाग आहेत. मोटार जळाली की रिवाइंडिंगवाला दारातच. तर जळालेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याच्याकडून भरून घेतला तर चालेल का? सोलापुरात वाइंडरची काय कमी?

दुसरं, माग चालू असताना माझ्या स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारमधून सतत घूं घूं येते.

---

जुना_रेडिओ

काळीमातीने हाक मारली म्हणून लिहितो. आयुष्य रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीत गेलं.

@माग_आणि_मुखडा, पॉवर ट्रान्सफॉर्मर चांगला वाइंडर भरून देईल, त्यात अवघड काही नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं तसं नाही. त्यात प्रायमरीचा (व्हॉल्व्हच्या बाजूच्या वेढ्यांचा) एक थर, त्यावर सेकंडरीचा (स्पीकरच्या बाजूच्या वेढ्यांचा), पुन्हा प्रायमरीचा, असे थर आलटून-पालटून घालावे लागतात. नाहीतर वरचे सूर गळतात आणि मशीन शिट्टी घालायला लागतं. पुश-पुलच्या प्रायमरीचे दोन्ही अर्धे सारखे भरावे लागतात आणि पत्रे उलटसुलट रचावे लागतात, मध्ये फट नको. एका व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये उलट, फट मुद्दाम ठेवतात, कारण तिथून सतत डीसी जातो. जुना उकलताना थर, वेढे, तारेची जाडी, कागद, सगळं वहीत लिहून घेणारा वाइंडर मिळाला तरच द्या.

घूं घूं मोटारीची आणि चोकवाल्या ट्यूबलाइटची आहे, तुमचे एकेरी कॉइलचे पिकअप ती पकडतात. गिटार धरून जागीच हळूहळू फिरा, एका दिशेला ती जवळजवळ जाते. दुहेरी कॉइलचा पिकअप हा कायमचा इलाज. मशीनचा दोष ओळखायचा असेल तर गिटारची वायर काढून बघा. तरीही घूं उरली तर ती मशीनची. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, फिल्टर कंडेन्सर वाळले की येणारी घूं १०० हर्ट्झची, जरा वरच्या सुराची आणि खरबरीत. फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) वायरिंगची किंवा अर्थिंगची असेल तर ५० ची, खोल आणि गुळगुळीत.

आता सगळ्यांसाठी, आणि हे हात जोडून सांगतो. या मशीनमध्ये ४०० व्होल्टच्या पुढे डीसी असतो. पिन काढली तरी तो फिल्टर कंडेन्सरमध्ये बसून राहतो. झाकण उघडलं की आधी १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर मगरचिमट्याने चॅसिसला (मशीनच्या पत्र्याच्या सांगाड्याला) लावा, दुसरं टोक इन्सुलेटेड पकडीत धरून कंडेन्सरला लावा, थोडा वेळ ठेवा आणि मग मीटरने बघा. आकडा १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट नाही. चालू मशीनमध्ये मोजायचं तर एक हात खिशात. पायात चप्पल. शेजारी दुसरं माणूस हवंच.

वर्षानुवर्षं बंद पडलेलं मशीन थेट प्लगमध्ये घालू नका. सिरीज बोर्डवर, १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब मालिकेत लावून, आधी सगळे व्हॉल्व्ह काढून सुरू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला पाहिजे. भरभरून पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. फिल्टर कंडेन्सर इतके जुने असतील तर तपासत बसू नका, नवे घाला. मधले कागदी कंडेन्सर हमखास गळतात. ईएल३४ च्या ग्रिडवर ऋण ३० ते ४० व्होल्ट असायला हवेत. कंडेन्सर गळायला लागला की ते कमी होतात, व्हॉल्व्ह सैल सुटतो आणि त्याच्या आतली धातूची प्लेट लाल होते. लोक व्हॉल्व्ह खराब म्हणून टाकून देतात आणि नवाही तसाच जळतो.

काचेत निळी झाक दिसली तर काळजी नको, चांगल्या व्हॉल्व्हमध्येही दिसते. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा दुधी झाला असेल तर आत हवा गेली, तो व्हॉल्व्ह संपला. प्लेट लाल दिसली तर त्या क्षणी बंद.

आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचं मशीन कधीही वाजवायचं नाही. ट्रान्झिस्टरवाल्याला चालतं, याला नाही. भार नसला की प्रायमरीत दाब इतका चढतो की इन्सुलेशन फुटतं. काळीमाती ज्या ट्रान्सफॉर्मरचं एवढं कौतुक करतोय, तो असाच मरतो.

---

निशा_जुळे_सोलापूर

काका, +१००. हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली).

मी फ्लॅटमध्ये राहते, ४० वॅट वाजवणं शक्य नाही. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, मागे 'पिकअप' लिहिलेलं सॉकेट आहे. त्याला गिटार लावली तर?

---

जुना_रेडिओ

निशाताई, थांब. आधी रेडिओचं मागचं झाकण न काढता, पिन काढून, फटीतून व्हॉल्व्हवरची अक्षरं वाच. ईसीएच८१, ईएल८४ अशी 'ई' ने सुरू होणारी असतील तर सेट बहुधा ट्रान्सफॉर्मरचा आहे, कारण 'ई' म्हणजे ६.३ व्होल्टची फिलामेंट. यूसीएल८२, यूएल८४, यूवाय८५ अशी 'यू' ने सुरू होणारी असतील तर तो एसी-डीसी सेट. त्याच्या फिलामेंटा एकामागे एक जोडून थेट लाइनवर असतात आणि चॅसिसही थेट लाइनवर असते. त्याला गिटार जोडली की तारा, ब्रिज, सगळं जिवंत. असा सेट गिटारला कधीच नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

'ई' चा सेट असेल तरी माझ्यासारख्या कुणाकडून ट्रान्सफॉर्मर खरंच आहे का, अर्थिंग देता येतं का, हे तपासून घे. एकटा ईएल८४ पाच वॅटच्या आसपास देतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह जुन्या दुकानांत डब्यासकट मिळतात, ते चांगले असतात.

---

निशा_जुळे_सोलापूर

वाचलं. ईसीसी८५, ईएल८४ आहेत. पण ५ वॅट म्हणजे अगदीच पुटपुटणार ना? तशी भीती वाटते.

---

काळीमाती

उलट, फ्लॅटला ५ वॅट जास्तच आहेत. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. गिटारचा चांगला स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ९७ डेसिबल देत असेल तर ५ वॅटला १०४ देतो, शेजारी दार वाजवायला पुरे. रेडिओतला अंडाकृती स्पीकर तेवढा नाही देत, तो तुमच्या पथ्यावरच पडेल. फक्त बेस नको त्यावर, एवढ्याशा ट्रान्सफॉर्मरमध्ये खर्ज मावत नाही.

खोलीत भिंतींना आपल्या सोलापुरी चादरी टांगल्या तर टोचणारे वरचे सूर मऊ होतात. खालचा घुमारा मात्र चादरीने जात नाही. चालू मशीनवर चादर टाकू नका, झाकणाच्या जाळीतून हवा खेळली पाहिजे. मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असते.

---

डिजिटल_बरा

एवढा सगळा जीव धोक्यात घालण्यापेक्षा एक मॉडेलिंग पेडल घ्या, हेडफोन लावा. पन्नास ॲम्पचे आवाज त्यात मिळतात. वजन नाही, शॉक नाही.

---

खर्जातला

@डिजिटल_बरा, रियाजाला आणि रेकॉर्डिंगला तुमचं बरोबर आहे, मीही तेच वापरतो. बेसचं तर निम्मं रेकॉर्डिंग थेट बोर्डात जातं. पण स्टेजवर पाठीमागे बंद पेटीतून आलेली हवा पायाला लागते, त्याने माझा हात बदलतो. मी कमी स्वर वाजवतो आणि ते लांब धरतो. हेडफोनवर तसं वाजवावंसं वाटत नाही.

---

व्हॉल्व्हवेडा_पुणे

खर्जातल्याचा ट्रान्सफॉर्मरचा हिशेब पटला. आता माझा प्रश्न. नातेवाईक अमेरिकेतून साठच्या दशकातला एक फेंडर आणतायत. तो उन्हाळ्यात सोलापूरला भाचीकडे राहणार. १२० व्होल्टचा आहे. स्टेप-डाउन (दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावला की झालं ना?

---

जुना_रेडिओ

निम्मं झालं. तिकडे वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. खर्जातल्याने सांगितलेला हिशेब पॉवर ट्रान्सफॉर्मरलाही लागतो, सूर खाली आला की लोखंडावर भार वाढतो. ६० साठी बेताने भरलेला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे जास्त तापतो. तासाभराने हात लावून बघा, हात ठेववत नसेल तर आपल्या विजेचा ट्रान्सफॉर्मर घालून मूळचा जपून ठेवा. त्या काळातल्या मशिनांना दोनच पिना असतात आणि लाइनमधून चॅसिसला एक कंडेन्सर असतो. तो काढा आणि तीन पिनी वायर घाला. याला तडजोड नाही.

आणि तीन पिनी वायरीचा उपयोग घरचं अर्थिंग जिवंत असेल तरच. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडला सोडते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा असेल तरी मार्चनंतर पाणी घालत राहा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावा, दोनेक व्होल्टच्या आत हवेत. गाणारा गिटार धरून माइकला ओठ लावतो आणि झटका बसतो, तो बहुतेक वेळा दोन मशिनांच्या अर्थमधल्या फरकाचा असतो. गिटारचं मशीन आणि माइकचं मशीन एकाच बोर्डवरून घ्या.

---

माग_आणि_मुखडा

काका, आमच्याकडे दिवसा माग चालू असताना दाब २०० पर्यंत पडतो आणि रात्री माग थांबले की २५० च्या पुढे जातो. मशीनच्या मागे २२०, २३०, २४० अशी टॅपिंगची पट्टी आहे (येणाऱ्या दाबाप्रमाणे जोडणी बदलायची), कुठे लावू?

---

जुना_रेडिओ

वाजवता केव्हा, त्यावर ठरवा. कमी दाबाने मशीन मंद वाजेल, जळणार नाही. जास्त दाब व्हॉल्व्हला मारतो. २२० च्या टॅपवर २५० आले तर ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला ७.१ च्या वर मिळतात. दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६.९ पर्यंत, ठीक. त्यापुढे व्हॉल्व्हचं आयुष्य झपाट्याने घटतं. तेव्हा रात्री वाजवणार असाल तर २४० वर.

पण नुसत्या पट्टीवर विश्वास नको. माग थांबल्यावर, सगळे व्हॉल्व्ह जागेवर असताना, ईएल३४ च्या २ आणि ७ नंबरच्या पिनेवर एसी व्होल्ट मोजा. शेजारच्या ३ नंबरला प्लेटचा पूर्ण दाब असतो, मीटरची टोकं घसरू देऊ नका. तो आकडा आणि त्या वेळचा लाइनचा आकडा, दोन्ही इथे टाका. ६.९ च्या वर असेल तर फिलामेंटच्या वायरीत किती ओहमचा रेझिस्टर घालायचा ते काढून देतो.